बाळूचे बळी चालले, बाळू चालेना

संघ जाहीर झाला की आपल्याकडे दोन सामने सुरू होतात. एक मैदानावर आणि दुसरा चहाच्या टपरीवर. आमच्या पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर हा दुसरा सामना कितीही वेळ चालतो. याला का घेतलं, त्याला का वगळलं? कुणी म्हणतो वशिला, कुणी म्हणतो मोठ्या शहराची मक्तेदारी. कुणी आवाज खाली आणून जात काढतो, कुणी धर्म. चहा संपतो, पण निकाल लागत नाही. लागणार तरी कसा? निवड बंद खोलीत होते. बाहेर येतात ती फक्त नावं. कारणं आतच राहतात.

मित्रहो, या वादाच्या अगदी मुळाशी एक माणूस उभा आहे. बाळू पालवणकर. भारताकडून एकच दौरा खेळलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. १९११ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये त्यांनी ११४ बळी घेतले. त्यानंतर देशाच्या संघातून खेळायची संधी त्यांना कधीच मिळाली नाही. एवढा मोठा खेळाडू आणि देशासाठी एवढी छोटी कारकीर्द! असं का झालं? यात पक्षपात किती आणि काळाचा फेरा किती? दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा, असं मला वाटतं.

पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं. बाळूंचा जन्म मात्र धारवाडचा, १८७६ सालचा. चर्मकार कुटुंब. वडील लष्कराच्या चाकरीत, त्यामुळे मुलं पुण्यात वाढली. लहानग्या बाळूला पहिली नोकरी मिळाली ती पारशांच्या क्रिकेट क्लबमध्ये. काम काय, तर खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. पुढे तो गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबमध्ये गेला. तिथे ४ रुपये मिळू लागले. जाळी बांध, मैदानावर आखणी कर, साहेब सरावाला आले की चेंडू टाक.

या चेंडू टाकण्यातून एक कलावंत घडला. क्लबमध्ये जे. जी. ग्रेग नावाचे लष्करी अधिकारी होते. हॅम्पशायर कौंटीकडून खेळलेले, चांगले फलंदाज. ते इतरांच्या तासभर आधी येऊन बाळूची गोलंदाजी खेळत. बाद केलंस की आठ आणे, असा त्यांचा रिवाज होता असं सांगतात. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या क्लबात वर्षानुवर्षं हा मुलगा हजारो चेंडू टाकत होता, त्याच्या हाती बॅट मात्र कुणी दिली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकराची. बाळूच्या आयुष्यातली पहिली निवड ही अशी झाली. हात निवडला गेला आणि माणूस कुंपणाबाहेर राहिला.

मग पुण्याच्या हिंदू क्लबला गोऱ्यांना हरवायची इच्छा झाली. गोऱ्यांच्या सगळ्या फलंदाजांच्या खोडी ज्याला पाठ आहेत असा गोलंदाज शहरातच होता. घ्यायचा की नाही, यावर वाद झाला. अखेर घेतला. मैदानावर त्याने हाताळलेला चेंडू इतरांनीही हाताळला. चेंडूला विटाळ होत नव्हता. पण चहाची सुट्टी झाली की बाकीचे खेळाडू आत पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घेत, आणि बाळू बाहेर उभा राहून मातीच्या भांड्यातून. वापरून फेकून द्यायचं भांडं. जेवायलाही वेगळं बसायचं.

साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध सामना होता. बाळूची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी म्हणे कित्येक दिवस खेळपट्टीवर रोलर फिरवला. तरी त्याने सात बळी घेतले. अशा विजयांनंतर न्यायमूर्ती रानड्यांनी हिंदू खेळाडूंचे जाहीर कान उपटले. याच्याबरोबर खेळता, मग याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे, असा त्यांचा साधा सवाल होता. हा सवाल एकोणिसाव्या शतकातला, आणि सवाल करणारा हायकोर्टाचा न्यायाधीश. तरीही उत्तर यायला पुढे बरीच वर्षं लागली.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईत आले. रेल्वेच्या नोकरीत राहून खेळू लागले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही त्यांच्या निवडीला काही सभासदांनी विरोध केला, पण मुंबईला पुण्यापेक्षा जिंकण्याची घाई जास्त होती. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. बाळूंनी सामन्यात ८ बळी घेतले. पुढच्याच वर्षी पुन्हा विजय. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या मुंबईच्या साप्ताहिकाने लिहिलं त्याचा मतितार्थ असा, की हा विजय जातिभेद बाजूला ठेवल्याचं फळ आहे. मैदानावर जे जमलं ते मैदानाबाहेरही करून दाखवा.

आता देशाच्या संघाकडे येऊ. यापूर्वी १८८६ आणि १८८८ साली इंग्लंडला गेलेले संघ फक्त पारशांचे होते. सर्व भारताचा म्हणावा असा संघ पाठवायची खटपट १९०३ च्या सुमारास झाली आणि फिसकटली. का फिसकटली? पारशी किती, हिंदू किती, मुसलमान किती, या भांडणात. त्या वेळी बाळू सत्तावीस वर्षांचे होते. फिरकी गोलंदाजाच्या बोटांत या वयात जे असतं ते पुन्हा येत नाही. त्या भांडणात बाळूंचं नाव कुणी घेतलं नसेल, त्यांच्याविरुद्ध कुणी कट केला नसेल. पण आपल्या समाजाचे किती, हे मोजणाऱ्यांत आम्ही मुसलमानही होतो, पारशीही होते, हिंदूही होते. प्रत्येक जण आपापल्या जागा मोजत राहिला, आणि त्यात देशातल्या सर्वोत्तम गोलंदाजाची ऐन उमेदीची वर्षं निघून गेली. पक्षपात नेहमी एखाद्या माणसाच्या विरोधातच केला जातो असं नाही. कधीकधी तो आपल्या बाजूच्या माणसांसाठी केला जातो आणि मार बसतो भलत्यालाच.

अखेर १९११ साली संघ निघाला. कप्तान पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदर सिंग. संघात पारशी, हिंदू, मुसलमान सगळे होते, आणि बाळू व शिवराम हे दोघे पालवणकर भाऊही होते. हे वर्ष राजे पाचवे जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचं. महाराजांचा बराच वेळ मेजवान्या आणि समारंभांत गेला. ते मोजकेच सामने खेळले. संघाने २३ सामने खेळून १५ गमावले, ६ जिंकले. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांत दोनच विजय, लेस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्ध. सॉमरसेटच्या सामन्यात शिवरामने शतक ठोकलं.

या पडझडीत बाळू तेवढे उभे राहिले. ११४ बळी, सरासरी १९ धावांच्याही आत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात ८ बळी. वय पस्तीस. परक्या देशातली थंड हवा, ओल्या खेळपट्ट्या, दिवसभर एका टोकाकडून गोलंदाजी. यॉर्कशायरच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी लोक त्यांची तुलना करू लागले. इंग्रज माणूस आपल्या खेळाडूशी दुसऱ्याची तुलना सहजासहजी करत नाही. मुंबईत परतल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळच्या मानपत्राशी तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांचं नाव जोडलं जातं.

यानंतर देशाच्या नावाने बाळूंना एकही सामना मिळाला नाही. इथे मात्र आपण प्रामाणिक राहिलं पाहिजे. हा काही कुणा निवड समितीचा निकाल नव्हता. १९१४ ला महायुद्ध पेटलं. भारताचा संघ पुन्हा परदेशी गेला नाही. भारताला पहिला कसोटी सामना मिळाला २५ जून १९३२ रोजी, लॉर्ड्सवर. तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते. म्हणजे त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द एका उन्हाळ्याची राहिली, याला मोठं कारण काळ. तीच पंचवीस वर्षं उशिरा जन्मलेली बोटं असती, तर आज कसोटीच्या पुस्तकात त्यांचं पान असतं. ज्याचा दोष जातीवर टाकता येत नाही तो टाकू नये. तसं केलं, तर ज्याचा टाकायला हवा तोही लोक ऐकून घेत नाहीत.

आणि टाकायला हवा असा दोष होता. तो देशाच्या संघात शोधून सापडणार नाही, मुंबईच्या चौरंगी सामन्यांत सापडतो. १९१२ पासून मुस्लिम संघ आला आणि तिरंगी स्पर्धा चौरंगी झाली. त्या काळी हिंदुस्थानातलं सर्वांत मोठं क्रिकेट हेच. पालवणकर घराण्यातले चार भाऊ, बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल, हिंदू संघाकडून खेळले. संघाचे बळी बाळू घेत होते, अनुभव त्यांच्या गाठीशी सर्वांत जास्त होता. मग कप्तान कोण? १९१० नंतर हा प्रश्न वारंवार निघाला आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळ्याच नावाचं आलं.

१९१३ साली कप्तानपद एम. डी. पै यांना मिळालं. पै स्वतः ब्राह्मण. आपल्याच सत्काराला उत्तर देताना त्यांनी सांगितलं, की हा मान खरं म्हणजे बाळूंचा होता, ते संघातले ज्येष्ठ आणि अनुभवी खेळाडू आहेत. माझ्या मते हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत भक्कम पुरावा. वगळलेला माणूस तक्रार करतो तेव्हा लोक म्हणतात, आंबट द्राक्षं. पण ज्याच्या गळ्यात हार पडला, तोच म्हणतो की हार चुकीच्या गळ्यात पडलाय. त्याला काय उत्तर द्याल?

इथे थोडं माझं सांगतो. मी मराठीत कविता लिहितो, माझं नाव मुसलमानाचं. एका कविसंमेलनात माझी ओळख करून देताना निवेदक कौतुकाने म्हणाले, ‘यांचं मराठी ऐका, अगदी आपल्यासारखं आहे.’ टाळ्या पडल्या. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण ‘आपल्यासारखं’ या एका शब्दाने मला माझ्याच भाषेच्या पॅव्हेलियनबाहेर नेऊन उभं केलं. तेव्हापासून एखाद्या यादीत नाव नसलं की मनात पहिला प्रश्न उठतो, कविता कमी पडली की नाव आड आलं? बहुतेक वेळा कविताच कमी पडलेली असते. पण प्रश्न पडतोच. ज्याला तो कधीच पडत नाही, त्याने तो पडणाऱ्याला संशयी म्हणू नये. आणि ज्याला पडतो, त्याने दर वेळी त्याचं उत्तर ‘नाव’ असंच देऊ नये. दोन्ही पथ्यं अवघड आहेत.

विठ्ठल आणि शिवराम यांनी १९२० साली हे पथ्य पाळून दाखवलं. त्या वर्षीच्या पहिल्या सामन्यासाठी पै उपलब्ध नव्हते. कप्तानपद पुण्याच्या दि. ब. देवधरांना दिलं गेलं, आणि बाळूंना संघातूनच वगळलं. देवधर पुढे किती मोठे झाले ते आपण जाणतो. त्यांच्या नावाची स्पर्धा देशभर खेळली गेली. त्यांचा यात काही दोष नाही. बाळू चव्वेचाळीस वर्षांचे होते. वयामुळे वगळलं म्हटलं तर ते पटू शकतं. पण वय हे कारण बाळूंना लागू पडेल, विठ्ठलना कसं पडेल? ते ऐन भरात होते आणि संघात देवधरांपेक्षा जुने होते. दोन्ही भावांनी संघातून अंग काढून घेतलं आणि वर्तमानपत्रात निवेदन दिलं. आमच्या जातीमुळे हे होत आहे, असं त्यांनी उघड म्हटलं. टपरीवर कुजबुजत बसले नाहीत. नावानिशी लिहिलं, आणि त्याची किंमत म्हणून स्वतःची जागा सोडली.

वेळही कशी होती बघा. असहकाराच्या चळवळीचं वर्ष. अस्पृश्यता गेल्याशिवाय स्वराज्य नाही, असं गांधीजी सांगत होते. मुंबईच्या लोकमताला भावांचं म्हणणं पटलं. तडजोड झाली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पालवणकर बंधू परतले, पै कप्तान आणि बाळू उपकप्तान. सामन्यात पै मुद्दाम मैदानाबाहेर गेले, म्हणजे संघाची सूत्रं बाळूंच्या हाती यावीत. उसना मिळालेला मान, तोही थोड्या वेळापुरता. पण चव्वेचाळीसाव्या वर्षी तो माणूस हिंदू संघाला क्षेत्र लावून देत होता, ‘तू तिकडे जा, तू इकडे ये’ असं सांगत होता, आणि सवर्ण खेळाडू ऐकत होते.

तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदूंचे रीतसर कप्तान झाले. १९२६ पर्यंत त्यांच्या हाताखाली संघ चार स्पर्धा खेळला आणि तीन जिंकला. मधली १९२४ ची आमच्या मुस्लिम संघाने जिंकली, हे जाता जाता सांगण्याचा मोह आवरत नाही! पण मुद्दा गंभीर आहे. इतकी वर्षं ज्या घराकडे कप्तानपद जाऊ दिलं नाही, त्याच घरातल्या माणसाने चारातल्या तीन स्पर्धा जिंकून दिल्या. योग्यता नव्हती म्हणून वगळलं, हे म्हणणं त्या निकालांनी खोडून काढलं. निवड समितीच्या न लिहिलेल्या कारणांना उत्तर मिळालं, ते धावफलकावर. विठ्ठलनी पुढे मराठीत आत्मचरित्रही लिहिलं, त्यामुळे घरातली बाजू आपल्याला कळते. ते नसतं तर कदाचित आज एवढंही सांगता आलं नसतं.

बाळूंच्या प्रथम श्रेणीच्या नोंदी अशा: ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. निवृत्तीनंतर ते राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना उभं केलं, तेही डॉ. आंबेडकरांविरुद्ध. ते हरले. ज्या तरुणाने कधीकाळी त्यांचं कौतुक केलं, त्याच्याच समोर त्यांना उभं राहावं लागलं. काहींनी त्यांना त्याबद्दल कधी क्षमा केली नाही. दलित चळवळीने विरोधक म्हणून बाजूला ठेवलं, क्रिकेटने कसोटी खेळले नाहीत म्हणून. ४ जुलै १९५५ रोजी त्यांचं मुंबईत निधन झालं. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांची कहाणी तपशिलाने मांडली, तेव्हा कुठे नव्या पिढीला हे नाव कळू लागलं.

या गोष्टीवरून नंतरच्या काळाकडे पाहायला एक मोजपट्टी मिळते. मुंबईचे पद्माकर शिवलकर घ्या. तेही डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि एकही कसोटी खेळले नाहीत. अन्याय? नशीब म्हणा. कारण कारण डोळ्यांसमोर होतं, त्याचं नाव बिशनसिंग बेदी. विनोद कांबळी घ्या. १७ कसोटी, १०८४ धावा, सरासरी ५४.२०, आणि शेवटची कसोटी वयाच्या तेविसाव्या वर्षी, १९९५ मध्ये. पहिल्या १४ डावांत हजार धावा पूर्ण, पुढच्या ७ डावांत मिळून शंभरही नाहीत. ही उतरण खरी आहे. पण ५४ च्या सरासरीच्या तेवीस वर्षांच्या फलंदाजाला पुन्हा कधीच कसोटी मिळू नये, हा प्रश्नही खरा आहे. कुणी म्हणतं शिस्त, कुणी म्हणतं तंत्र, कुणी म्हणतं पार्श्वभूमी. शिवलकरांच्या बाबतीत वाद मिटतो, कांबळीच्या बाबतीत मिटत नाही. फरक एवढाच, की एकाचं कारण सगळ्यांना दिसतं आणि दुसऱ्याचं कुणी मांडलंच नाही.

आज आमच्या रायगड जिल्ह्यात गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. आगरी, कोळी, आदिवासी, बौद्ध, मुसलमान, सगळी पोरं एका संघात खेळतात, एकाच बाटलीतून पाणी पितात. हे थोडं नाही. बाळूंच्या मातीच्या भांड्यापासून त्या बाटलीपर्यंत यायला शंभर वर्षं लागली. पण त्या मंडळाची बैठक होते तेव्हा अध्यक्ष कोण, कप्तान कोण, बक्षीस द्यायला व्यासपीठावर कोण, हेही पाहत जा. चेंडू टाकायला कुणीही चालतो. क्षेत्र कोण लावतो, ते बघायचं असतं.

आणि एखादं नाव वगळलं गेलं तर संशयाने कुजबुजण्याऐवजी आणि मुकाट मान खाली घालण्याऐवजी सरळ कारण विचारावं. मोठ्याने, नावानिशी, सगळ्यांसमोर. विठ्ठल आणि शिवराम यांनी १९२० साली तेच केलं होतं.